दहा फुटांवरून

“हां ताई, बोला.”

रंगाच्या दुकानातला तो माणूस येणाऱ्या प्रत्येक बाईला ताईच म्हणायचा. मी मोबाइलमधला फोटो त्याच्यापुढे धरला. बाबांच्या निळ्या गाडीचं मागचं डावं दार... मुठीएवढा पोचा आणि हातभर खरवडलेलं.

“कोणी ठोकली?”

“माहीत नाही. उभी होती, कोणीतरी मारून गेलं.”

“गॅरेजला द्या की.”

“घरीच रंगवायचंय. सोमवारच्या आत.”

“याआधी रंगवलंय कधी काही?”

“नखं.”

तो हसला. हसता हसता त्याला खोकला लागला आणि तो तोंड फिरवून कितीतरी वेळ खोकत राहिला. मग डोळे पुसत त्यानं पुट्टी, पॉलिशपेपर, प्रायमर, रंगाचे दोन स्प्रे आणि एक मास्क काउंटरवर मांडला.

“शनिवारी दुपारी दुकान बंद असतं,” तो म्हणाला. “नखं रंगवणाऱ्या बाईच्या हाती चांगला रंग वाया जाऊ देणं माझ्या जिवावर येतं. मी दाखवीन... पण दहा फुटांवरून.”

“का? मी चावते?”

“डॉक्टर चावतात. सहा वर्षं गॅरेजात गाड्या रंगवल्यात मी. आता रंगाचा वास घ्यायची बंदी आहे.”

“म्हणजे तुम्ही उंटावरून शेळ्या हाकणार.”

“शेळी गुणी असली की जमतं.”

शनिवारी तो खरंच आला. गाडी घराच्या मागच्या अंगणात होती, डावी बाजू भिंतीला लावलेली. मीच तशी लावली होती. आई महिनाभर त्या बाजूला फिरकली नव्हती. मी गाडी पुढे घेतली. डबे अजून बंद होते, म्हणून तो दारापाशी उकिडवा बसला आणि खरवड्यावरून बोट फिरवू लागला. मध्येच त्याचं बोट थांबलं. त्याच्या नखात हिरव्या रंगाची कपची आली होती. त्यानं वळून आमच्या फाटकाकडे पाहिलं. फाटक हिरवं होतं.

तो उठून पुन्हा दहा फुटांवर जाऊन उभा राहिला.

“काय झालं?” मी विचारलं. चोराच्या मनात चांदणं.

“काही नाही, ता—” त्यानं तो शब्द गिळला. “उभ्या गाडीला फाटक येऊन धडकत नाही. एवढंच.”

महिनाभर कोणाला न सांगितलेलं मी त्या परक्या माणसाला सांगून टाकलं. बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा आई मावशीकडे होती. मी त्यांना मागच्या सीटवर झोपवलं, घाईनं गाडी मागे घेतली आणि दार फाटकाच्या खांबात अडकवलं. पुढे, मागे, पुढे... चार मिनिटं गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. ते वाक्य आईला ठाऊक होतं, चार मिनिटं ठाऊक नव्हती. सोमवारी काका गाडी न्यायला येणार होते. दार पाहून ते विचारणारच होते.

तुमचा दोष नाही, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

“मास्क नाकावर घ्यायला दोन सेकंद लागतात,” तो म्हणाला. “सहा वर्षं मी त्याचा कंटाळा केला.” मग जरा थांबून, “घासा आता. पाणी लावून.”

रविवारी रंग. भिंतीपाशी उभा राहून तो सांगत होता, “डबा दारापासून वीतभर. आधी हात चालू, मग बोट दाबा. आधी बोट सोडा, मग हात थांबवा. हात थांबला की रंग ओघळला म्हणून समजा.”

एक हात झाला. पाव तास थांबलो. दुसरा हात झाला. तिसऱ्याला मी जरा रंगात आले होते, तेवढ्यात तो म्हणाला, “माझ्या घरच्यांनी मुली बघायचं सोडून दिलंय. अर्धीच फुप्फुसं चालतात ना... पण विचारून बघतो. अर्धा माणूस चालेल का तुला?”

तुला!

माझा हात थांबला. बोट काही सुटलं नाही.

“हात! अगं, हात!” तो ओरडला. दारावरून एक जाड निळा ओघळ खाली आला, आणि मास्कच्या आत मी महिन्यात पहिल्यांदा हसले.

“कसला वास येतोय?”

मागच्या दारात आई उभी होती. ती गाडीपर्यंत आली. “या दाराचा रंग वेगळा का दिसतोय?”

बाकीची गाडी उन्हानं विटली होती, नवा रंग गडद दिसणारच. एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याला ते माहीत होतं. पण तो गप्प राहून माझ्याकडे बघत राहिला. मी मास्क काढला आणि आईला सगळं सांगितलं.

आई पायरीवर बसली.

“त्या चार मिनिटांत... काही बोलले का ते?”

“म्हणाले, सावकाश काढ बाळा. फाटक कालच रंगवलंय.”

आईच्या तोंडून एक आवाज निघाला, हसल्याचा की रडल्याचा ते मला आजही सांगता येणार नाही. ती उठून आत गेली. मला तिनं हाक मारली नाही.

सोमवारी काका आले. गाडी द्यायची नाही, असं आईनं त्यांना सांगितलं. माझ्याशी ती अजूनही बोलत नव्हती. संध्याकाळी तो रंगावर चकाकी आणणाऱ्या लॅकरचा डबा घेऊन आला आणि लांबूनच म्हणाला, “तो ओघळ घासून काढू या आधी. कळणारही नाही.”

“राहू दे तो,” आतून आईचा आवाज आला. “काढू नकोस, बाळा.”

मी तशीच चालत त्याच्याकडे गेले.

“लांब राहा. कपड्यांना रंगाचा वास आहे तुझ्या.”

“चालेल,” मी म्हणाले. “अर्धा चालेल मला.”

त्यानं श्वास रोखला आणि माझा हात हातात घेतला. श्वास रोखता आला तेवढा वेळ त्यानं तो धरून ठेवला... फार वेळ नव्हता तो.