हिचा श्वास ऐकू येत नाही

धाकू मेस्त्रींचा जीव घेतला तो एका बंद गाडीने. निदान पंचनाम्यात तरी तसंच लिहिलं होतं.

"गाडी बंद. चावी भिंतीवरच्या खिळ्याला. तरी ती आपोआप दोन फूट पुढे गेली आणि मेस्त्रीकाकांना कामाच्या टेबलावर दाबलं," विकी अहिरे सांगत होता. "म्हणजे वायरिंग चुकलं. वायरिंग माझं."

घाटकोपरच्या एका खोलीच्या कचेरीत विमला कासारे ऐकत होत्या. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघात तपासल्यावर त्यांनी ही खोली घेतली होती. बाई ठेंगणी, आवाज हळू, नजर मात्र सुईच्या टोकासारखी. शेजारी त्यांचा मदतनीस अनिरुद्ध वहीत उतरवून घेत होता.

विकी सव्वीस वर्षांचा, सहा फूट उंच. त्या खुर्चीत मावत नव्हता, तरी अंग चोरून बसला होता.

"पंधरा दिवस झाले. उद्या सोमवार, उद्या गाडीची तपासणी. मग माझ्यावर गुन्हा. होऊ दे. मला वकील नको, ताई. मला एवढंच सांगा, मी मारलं का त्यांना?"

विमलाताईंनी खुर्ची पुढे ओढली. "आधी गाडी सांग. मला त्यातलं कळत नाही असं समजून सांग."

"जुनी पेट्रोलची गाडी. मी आणि देवेशने, म्हणजे काकांच्या मुलाने, इंजिन काढून मोटर बसवली. बॅटरीवर केली. बाकी सगळं जुनंच ठेवलं. गियर तेच, पायाखालची रेसची केबलही तीच. पूर्वी ती केबल कार्बोरेटर ओढायची, आता एक छोटी डबी ओढते. डबी मोटरला सांगते, किती पळायचं."

"तुम्ही गाडी उभी कशी करता?"

"न्यूट्रलमध्ये टाकतो, हँडब्रेक लावतो, चावी काढून ड्रॉवरमध्ये. आमचा नियमच आहे."

"ड्रॉवरमध्ये," विमलाताई म्हणाल्या. "मग त्या दिवशी खिळ्याला कुणी लावली?"

विकीने वर पाहिलं. हा प्रश्न त्याला पंधरा दिवसांत कुणी विचारलाच नव्हता.

*

नाहूरच्या त्या गल्लीत ओळीने गॅरेजं. सगळे तिला 'लाईन' म्हणत. धाकू मेस्त्रींचं गॅरेज लाईनीतलं सगळ्यात जुनं. एका भिंतीवर पाने, हातोड्या, पक्कडी उंचीप्रमाणे टांगलेल्या, मुठी हाताच्या घामाने काळ्या पडलेल्या. समोरच्या भिंतीवर बॅटरीचं ड्रिल आणि नट सोडवायचं मशीन चार्जरला लावलेलं, त्यांचे हिरवे दिवे मिणमिणत. दोन भिंती समोरासमोर उभ्या होत्या, रुसलेल्या भावांसारख्या.

मधोमध ती पांढरी गाडी. फौजदारांनी फोनवर विमलाताईंना ती बघायची परवानगी दिली होती. अपघातानंतर तिला कुणी शिवलं नव्हतं.

"अनिरुद्ध, बस आत."

अनिरुद्ध बसू लागला आणि गुडघा स्टिअरिंगवर आपटून कळवळला. "आई गं! सीट केवढी पुढे ओढलीय! आणि खाली उशी कसली?"

"ऊठ." विमलाताई स्वतः बसल्या. पाय अलगद पेडलपर्यंत पोचले. उतरल्या, बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून पाहिलं. मग विकीला विचारलं, "रेसच्या केबलला तेल तू घातलंस?"

"नाही. मी कधीच घातलं नाही."

"टोकाला ओलं आहे." त्यांनी वाकून गाडीखालून एक तेलाची बुधली काढली. लांब चोचीची, पत्र्याची, जुन्या माणसांच्या हातातली.

भिंतीजवळच्या फळीवर एक रेडिओ होता. विमलाताईंनी त्याची वायर उचलली. उंदरांनी मधेच कुरतडली होती. वर धुळीचा थर.

"अनिरुद्ध, पंचनाम्यात जखम कुठे म्हटलीय?"

"गाडीचा मार समोरून, कमरेत. टेबलाची कड पाठीत रुतलेली."

"म्हणजे तोंड कुठे होतं त्यांचं?"

अनिरुद्धने पाठ टेबलाकडे करून पाहिली. "गाडीकडे, ताई."

"लिही."

*

देवेश दारात उभा होता. बत्तीस वर्षांचा, दाढी वाढलेली, विकीइतकाच उंच.

"बाबा त्या गाडीला हात लावायचे नाहीत. लाईनीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, मी जिता आहे तोवर बॅटरीला शिवणार नाही. मी पण बोललो. म्हटलं, तुमचे हात म्युझियममध्ये ठेवा." तो थांबला. "ते शेवटचं बोलणं आमचं. महिना झाला होता. एका घरात राहून."

"ते सकाळी किती वाजता यायचे?"

"नऊला. हल्ली सातलाच निघायचे. मला वाटायचं, माझं तोंड बघायला नको म्हणून."

गॅरेजच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या. मेस्त्रींच्या पत्नी सुगंधाकाकी चटईवर बसल्या होत्या. बोलताना श्वास पुरत नव्हता, आणि मध्येच मालवणी उसळून यायची.

"साडेआठाक मी भाकरी करी होतंय. गॅरेजातसून रेडिओ ऐकाक येय होतो, जुनी गाणी. म्हटलां, आहेत कामात. मग गॅरेजातलो मधुकर ओरडलो. धावत गेलंय तर सगळां गप्प. माणूसही गप्प."

"रेडिओही गप्प?"

"व्हय गो. सगळांच."

त्यांच्या मुठीत एक छोटी वही होती. हॉस्पिटलमध्ये मेस्त्रींच्या खिशातून निघालेली. पंधरा दिवस ती त्यांनी उशाशी ठेवली होती, उघडली मात्र एकदाच. विमलाताईंनी हात पुढे केला तेव्हा काकींनी वहीचं तेच पान काढून दिलं. बोटभर उंचीच्या अक्षरात लिहिलं होतं:

'हिचा श्वास ऐकू येत नाही. हात ठेवला तरी कळत नाही.'

"माका दमो आसा, बाय," काकी म्हणाल्या. डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "रात्री उठून बघी होते की काय, मी श्वास घेतंय की नाय. चाळीस वर्षांत तोंडान कधी बोलले नाय."

बाहेर आल्यावर अनिरुद्धने मागे वळून दाराकडे पाहिलं. "केवढा जीव होता ताई बायकोवर."

"होताच," विमलाताई म्हणाल्या. त्यांनी काकींना विचारून वही सोबत घेतली होती, आणि चालता चालता पुढची पानं वाचत होत्या. चेहऱ्यावर काहीच उमटू दिलं नाही.

मधुकर म्हणजे धाकू मेस्त्रींचा जुना जोडीदार. पासष्टीचा, बनियनवर खाकी शर्ट, छाती अजून ताठ. तो समोरच्या कट्ट्यावर बसला होता.

"चाळीस वर्षं मेस्त्रीच्या हाताखाली काढली. बॉनेटवर नुसता तळवा ठेवायचा माणूस, आणि सांगायचा, तिसरा प्लग गेलाय. डॉक्टर नाडी बघतो ना, तसा."

"गाडी कशी उभी करायचे ते?"

"पहिल्या गियरमध्ये. हँडब्रेकची तार कधी दगा देईल सांगता येत नाही. गियरात ठेवली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं त्याने."

"त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा?"

"पावणेनऊ वाजले होते. बॉनेट बंद, चावी खिळ्यावर, गियर न्यूट्रलला. मी खिडकीतून स्वतः बघितलं. गाडी मागे ढकलली नि ओरडलो. त्या पोराच्या वायरी, दुसरं काय!"

विकी चार पावलांवर उभा होता. त्याने मान खाली घातली.

"पंचनाम्यात हे सगळं तुम्हीच सांगितलंत?"

"मग दुसरं होतं कोण तिथं?"

"तेच," विमलाताई म्हणाल्या. "दुसरं कुणी नव्हतं."

*

संध्याकाळी पाचला फौजदार आले. गाडीची पुढची चाकं जॅकवर उचललेली होती, जमिनीपासून वीतभर. काकी स्टुलावर बसल्या होत्या, देवेश त्यांच्या मागे. विमलाताईंनी अनिरुद्धला मुद्दाम चहा आणायला पाठवलं होतं. तो किटली घेऊन आत आला.

"अनिरुद्ध, गाडी चालू आहे की बंद?"

त्याने कान दिला. बॉनेट मिटलेलं होतं, त्यावर तळवा ठेवला. "बंद."

"मधुकरराव, तुम्ही सांगा."

मधुकरने तळवा ठेवला. एकदम मागे घेतला, तापल्या तव्यावरून घ्यावा तसा.

"आता बॉनेट उघड, अनिरुद्ध. बाजूला उभा राहा. ती केबल दोन बोटांनी जरा ओढ."

अनिरुद्धने ओढली. अधांतरी चाकं गर्रकन फिरली. तो दचकून मागे झाला, किटली कलंडली, चहा फरशीवरून वाहत गेला. चाकं फिरत राहिली, मंदावली, थांबली. पुन्हा सगळं शांत.

"मी चावी फिरवून ठेवली होती," विमलाताई म्हणाल्या. "गाडी पूर्ण वेळ चालू होती, पहिल्या गियरमध्ये. कुणाला कळलं?"

विमलाताई फौजदारांकडे वळल्या.

"मधुकरराव म्हणाले, गियर न्यूट्रलला होता. न्यूट्रलला असती, तर विकीची वायर कितीही बिघडली असती, मोटर नुसती जागच्या जागी फिरली असती. गाडी तसूभर हलली नसती. ती हलली, म्हणजे गियरमध्ये होती. विकी आणि देवेश गाडी न्यूट्रलला ठेवतात. पहिल्या गियरात ठेवणारा माणूस एकच."

"बाबा?" देवेश म्हणाला. "शक्यच नाही. बाबा त्यात बसायचेच नाहीत."

"सीट पुढे ओढलेली, खाली उशी. तू बसलास तर गुडघे फुटतील, विकीचेही. मला मात्र ती मापाची झाली. त्यांची उंची माझ्याएवढीच ना, काकी?"

काकींनी मान हलवली.

"आता रेडिओ. साडेआठला काकींना गाणी ऐकू आली. फळीवरच्या रेडिओची वायर उंदरांनी खाल्लीय. वाजत होता तो गाडीतला. तो कधी वाजतो, विकी?"

"चावी फिरवली की." विकी एक पाऊल पुढे आला. "चावी फिरवल्याशिवाय नाही वाजत."

"साडेआठला चावी गाडीत होती. मधुकरराव ओरडले आणि काकी धावत आल्या, तेव्हा रेडिओ गप्प, चावी खिळ्यावर. दाबला गेलेला माणूस चावी काढून खिळ्याला लावत नाही. तुम्ही लावलीत, मधुकरराव. गियर काढलात, बॉनेट मिटलंत. पोरांचा ड्रॉवरचा नियम तुम्हाला ठाऊक नव्हता. तुमच्या हाताला खिळाच ठाऊक."

मधुकर भिंतीला टेकला. टांगलेले पाने एकमेकांवर किणकिणले.

"मेस्त्रींनी त्या सकाळी गाडी जागच्या जागी मागे-पुढे घेतली. थांबवली, गियरमध्येच ठेवली, उतरले. चावी तशीच, गाणी चालू. पेट्रोलच्या गाडीत इंजिन बंद असतानाही चावी फिरवलेली असली की रेडिओ वाजतो, गाडी मात्र मेलेली असते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला असेल. थरथर नाही. म्हणजे बंद. मग बॉनेट उघडून, समोर उभं राहून, केबलला तेल घातलं, आणि ती सरकते का बघायला दोन बोटांनी ओढली. हे त्यांनी हजार गाड्यांना केलं असेल. बंद गाडीची केबल ओढली तर काही होत नाही. चाळीस वर्षं काही झालं नव्हतं."

फौजदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"वायरिंग बरोबर होतं. हातही बरोबर होता. हाताला फक्त नवी भाषा येत नव्हती, आणि ती ते चोरून शिकत होते."

मधुकर बोलू लागला तेव्हा त्याची छाती ताठ नव्हती. "मला माहीत होतं. महिनाभर यायचा सातला. मला शपथ घातली होती, कुणाला बोलायचं नाही. मी आलो तर... गाणं चालूच होतं, बाई. तो तसा, आणि गाणं चालू. आधी चावी बंद केली. मग वाटलं, उद्या लाईनीत म्हणतील, धाकू मेस्त्री केबल ओढताना मेला. शिकाऊ पोरासारखा. तेवढं मला सहन होईना."

"आणि हे पोर?" विमलाताईंनी विकीकडे बोट केलं. "ह्याचं सहन झालं?"

मधुकरने विकीसमोर हात जोडले. विकीने ते धरून खाली केले, पण 'असू दे' म्हणाला नाही.

"मी सांगायला पाहिजे होतं त्यांना," तो म्हणाला. "गप्प असली तरी जिवंत असते म्हणून."

"त्यांनी विचारलंच नाही, तर सांगणार कधी? विचारलं असतं तर आज बसले असते इथे. पण विचारायचं म्हणजे मुलासमोर हरायचं."

विमलाताईंनी वही देवेशच्या हातात दिली. काकींनी काढून दिलेल्या पानापुढची पानं. त्याने उभ्याउभ्या वाचलं, मग आईसाठी मोठ्याने.

"'आज हिला दारापर्यंत नेलं. बायकोपेक्षा गप्प आहे.' 'गियर बदलताना रडत नाही. देवेशचं काम सफाईचं आहे.' 'खंडेनवमीला हिला पोराच्या समोर बाहेर काढायची. मग बोलेल तो.'"

पुढे पानं कोरी होती.

काकींनी गाडीकडे पाहिलं. "म्हणजे 'ही' म्हणजे ही," त्या म्हणाल्या. "मी नाय."

देवेशने वही मिटून छातीशी धरली.

"असू दे," काकींनीच म्हटलं. "गाडी दारात इली की माका सांगी, 'ही इली बघ'. कायम तसांच. दोघींका एकच नाव."

*

मधुकरने नवा जबाब दिला. सोमवारच्या तपासणीत वायरिंग निर्दोष ठरलं आणि विकीचं नाव कागदावरून गेलं.

खंडेनवमी त्यानंतर तिसऱ्या दिवशी आली. मेस्त्री गेल्यामुळे घरात वर्षभर सण करायचा नव्हता, पण हत्यारांची पूजा चुकवायची नाही, असं काकींनी बजावलं. पाटावर मेस्त्रींचे पाने, हातोडी, ती लांब चोचीची बुधली. देवेश कुंकू लावत होता. विमलाताई आणि अनिरुद्ध दाराशी उभे होते. विकी त्यांच्याही मागे.

"तुझां तां आण," काकी त्याला म्हणाल्या. तो घुटमळला. मग चार्जरवरून ड्रिल काढून आणलं. काकींनी स्वतः जागा करून ते बुधलीशेजारी ठेवलं. "हेका पण लाव रे, देवेश."

नंतर विकी गाडीपाशी गेला. त्याने डॅशबोर्डखाली एक नवी छोटी डबी बसवली होती. त्याने चावी फिरवली.

टक्. टक्. टक्. बारीक, संथ, न थांबणारी.

काकी उठल्या. दम लागला होता, तरी चालत गाडीपर्यंत आल्या आणि बॉनेटवर तळवा ठेवला. थरथर नव्हतीच. त्यांनी हात काढला नाही.

"आता येता ऐकाक," त्या म्हणाल्या.