पाय हलवू नकोस

अंधार पडायच्या आत आमचं डोंगरातलं गाव, पा-रेबाद, गाठायचं होतं. बर्फाच्या डब्यात इन्सुलिनच्या सहा बाटल्या होत्या आणि त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या, मुदाच्या हातात पडायला हव्या होत्या. गावच्या दवाखान्यातल्या फ्रिजची सौर बॅटरी मेली, आतलं औषध नासलं. घरात राहिलेल्या बाटलीतलं शेवटचं इंजेक्शन मुदाने आदल्या दिवशी सकाळी टोचून घेतलं होतं. डोंगरावर ढग बसून होते, त्यामुळे छोटं विमान चार दिवस मिरी शहराच्या धावपट्टीवरून हललं नव्हतं. उरला रस्ता.

त्याला रस्ता म्हणायचं ते सवयीने. ज्या कंपनीने तो खणला, तिने वीस वर्षं आमची झाडं त्यावरून ओढून नेली. तोवर माती सपाट करणारं यंत्र रोज फिरायचं. झाडं संपली, यंत्र गेलं, आणि लाकडी पूल कुजायला मागे राहिले. दर निवडणुकीला कोणीतरी पांढरे बूट घालून विमानाने येतो, डांबराचं वचन देतो आणि विमानानेच परत जातो. त्या बुटांची आठवण झाली तरी माझं टाळकं सरकतं!

मी एकोणीस वर्षं याच वाटेवर पिकअप चालवते आहे. पण त्या सोमवारी माझी पिकअप मिरीच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडून पडली होती. म्हणून मला गेरावातच्या गाडीत बसावं लागलं. गेरावात माझा मामेभाऊ, बँकेत कामाला. गाडी दोन महिन्यांची, मोत्यासारख्या रंगाची. मागे चंदेरी अक्षरांत लिहिलेलं, चारही चाकांना इंजिनचा जोर आहे म्हणून.

"ताई, ही कुठेही जाते," तो म्हणाला.

"कुठेही म्हणजे कुठे? दुकानापासून बँकेपर्यंत?"

"बसून तर बघ."

"बसते आहेच की! दुसरं काय हातात आहे माझ्या? सरक तिकडे, मी चालवणार."

पहाटे निघालो. डांबर संपलं, धूळ संपली, दुपारी लाल चिकणमाती सुरू झाली. कंपनीच्या उजाड पडलेल्या लाकूडतळापाशी, फाट्यावर, एका बुंध्यावर आजांग बसला होता. हा पेनान या जंगलात राहणाऱ्या जमातीचा म्हातारा, शिकारी, पाठीवर वेताची पाटी, पायात काही नाही. त्याला आमच्या गावाच्या अलीकडे उतरायचं होतं. या वाटेवर कोणाला मागे सोडून जायची रीत नाही.

"पादे, ये," मी म्हटलं. त्याच्या बोलीत पादे म्हणजे भाऊ.

तो आत बसला आणि त्याने गादीवरून हात फिरवला. "मऊ आहे," तो म्हणाला. "चढते का?"

गेरावातने गाडीचं पुस्तक काढून मांडीवर घेतलं. मला हसू आलं असतं, पण घड्याळात दोन वाजले होते.

पहिला मोठा चढ आला. चाकोरीत मधोमध एक हिरवी फांदी रोवलेली होती. आधी गेलेल्या कोणीतरी ती रोवलेली असते. खाली खोल खड्डा आहे, बाजूने जा, एवढंच ती सांगते. मी बाजूने घेतली, डाव्या दरडीवर. आणि गाडी तिरकी झाली! पुढचं उजवं चाक हवेत, मागचं डावं हवेत. दोन्ही भिंगरीसारखी फिरायला लागली आणि गाडी जागची हलेना!

मला हे ठाऊक होतं. चाक हवेत गेलं की डाव्या-उजव्या त्या जोडीतला जोर त्याच्याकडेच पळतो, कारण तिथे त्याला अडवणारं काही नसतं. फाटक्या पानात भात वाढत राहावा आणि शेजारचा भुकेला बघत बसावा, तसा प्रकार. माझ्या पिकअपमध्ये एक दांडी आहे, ती ओढली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. दुसरं एक कुलूप मागच्या दोन चाकांना जखडतं. मग एक हवेत असलं तरी जमिनीवरच्याला फिरावंच लागतं. या गाडीत ना दांडी, ना कुलूप. होता फक्त एक संगणक.

"ताई, पाय सोडू नकोस!" गेरावात ओरडला. त्याच्या मांडीवर गाडीचं पुस्तक उघडं होतं. "घसरणाऱ्या चाकाला ती आपणच ब्रेक लावते. मग जोर पलीकडच्या चाकाला जातो. फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय एका जागी ठेव!"

"एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी इथे गाडी चढवते आहे, आणि तू मला पुस्तक वाचून दाखवतोस?"

चाक फिरलं की पाय उचलायचा, मागे घ्यायचं, पुन्हा जोर लावायचा. या वाटेवरचा प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो. मीही केलं. एकदा, पाचदा, दहादा! चिखल काचेवर उडाला. जळका वास आला. आणि समोर पिवळा दिवा लागला.

गेरावातने पान उलटलं. त्याचा आवाज पडला. "मागच्या चाकांना जोर देणारा क्लच तापलाय. संगणकाने मागची चाकं सोडून दिली. थंड होईपर्यंत... आता नुसती पुढचीच."

"किती वेळ?"

"लिहिलेलं नाही."

मी उतरले. गाडीच्या दारावर लाथ मारली. त्या मोत्याच्या रंगावर माझ्या बुटाचा लाल ठसा उमटला. गेरावातला शिव्या घातल्या, त्याच्या बँकेला घातल्या, गाडीला चारही चाकांचा जोर आहे असं लिहिणाऱ्याला घातल्या. त्यात बारीक पाऊस सुरू झाला. पाऊण तास आम्ही तिथे बसलो, आणि वरच्या गावात माझ्या बहिणीच्या रक्तात साखर चढत होती. हा पाऊण तास गाडीने खाल्ला नव्हता. माझ्या पायाने खाल्ला होता. ते कळत होतं म्हणून मी आणखीच ओरडत होते.

आजांग एका मोठ्या पानाखाली उकिडवा बसून भाताची पुडी सोडत होता. "खा," तो म्हणाला. "ओरडून पोट भरत नाही."

"मला भूक नाही!"

"मग मी खातो."

दिवा विझला. मी चारही टायरमधली निम्मी हवा सोडली, म्हणजे ते चिखलावर पसरून बसतील. आजांगने जमिनीवरच्या चाकांखाली फांद्या कोंबल्या. मी आत बसले. माझ्या तोंडून निघणं कठीण होतं, पण निघालं.

"सांग. काय करू?"

गेरावातने माझ्याकडे पाहिलं. त्याने टोमणा मारला असता तर चाललं असतं, मी ऐकून घेतला असता. "दोन-तीन सेकंद," तो म्हणाला. "पाय हलवू नकोस. थोडाच दाब, पण हलवू नकोस."

मी दाबलं. चाकं किंचाळली! एक सेकंद. माझा पाय उचलायला शिवशिवला. मी दात आवळले. दोन! खालून कट-कट-कट असा आवाज आला. ब्रेक त्या मोकाट चाकांचा कान धरत होते. गाडी थरथरली. जमिनीवरच्या चाकांनी फांद्या चावल्या. आणि गाडी चढली! इंच, वीत, हात, आणि मग सरळ माथ्यावर!

"चढते," आजांग मागून म्हणाला.

पुढचे तीन चढ आम्ही असेच घेतले. मी गेरावातशी चकार शब्द बोलले नाही. बोलले असते तर माफी मागावी लागली असती.

साडेचारला शेवटची नदी आली आणि पूल अर्धा होता. चाकांसाठी टाकलेल्या दोन जाड ओंडक्यांपैकी उजवा वाहून गेला होता. खाली गढूळ पाणी उसळत होतं.

गेरावात काठावर जाऊन बघून आला. त्याचे डोळे चमकत होते. "ताई, पाण्यातूनच घालू. चारही चाकं ओढतील. आता तर तुला जमतंय!"

"चारही चाकांना जोर आहे, पण खाली जमीन नको? तिथे पाणी छातीएवढं आहे. गाडी तरंगेल, आणि तरंगणाऱ्या गाडीला चार चाकं काय, चाळीस असली तरी काय उपयोग?"

"मुदा..."

"मुदासाठीच सांगते आहे! डबा काढ. गाडी इथेच राहू दे."

त्याने नव्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग गपचूप कुलूप लावलं. आम्ही उरलेल्या एका ओंडक्यावरून बसत-सरकत पलीकडे गेलो. डबा आजांगच्या पाटीत होता. त्याचं उतरायचं वळण पुलाच्या अलीकडेच होतं, पण ते त्याने आम्हाला गाव गाठल्यावर सांगितलं.

पलीकडे सात किलोमीटर. डबा मी आजांगकडून मागून घेतला, छातीशी धरला आणि पळत सुटले. घसरले, उठले, पळाले. डोक्यात सगळं उकळत होतं, ती कंपनी, ती बॅटरी, ते पांढरे बूट, तो पाऊण तास. उतारावर पाय सटकला आणि मी पाठीवर आपटले. डबा हातातून सुटून घरंगळत गेला. गेरावातने चिखलात उडी घेऊन तो धरला!

झाकण उघडलं. बाटल्या मोजल्या. एक फुटली होती. पाच शाबूत होत्या.

मी तिथेच बसून रडले. रागाने रडले.

आजांग माझ्यासमोर उकिडवा बसला. "घसरलं की तू जोर वाढवतेस," तो म्हणाला. "गाडीत पण, पायी पण. असा टेक पाय." त्याने चिखलात बोटं रुतवून दाखवली. "मातीने धरलं की मग उचल."

मी बूट काढले. डबा गेरावातकडेच राहू दिला. आम्ही हळू चाललो, आणि आधीपेक्षा लवकर पुढे गेलो.

लांबघराच्या, अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या घराच्या, शिडीशी पोचलो तेव्हा डोंगरावर अजून उजेड होता. मुदा भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे, शेजारी पाण्याचं रिकामं भांडं. दोनदा ओकून झालं होतं. दवाखान्यातल्या नर्सने औषध भरलं. सुई मुदाने स्वतःच टोचली, हात न हलू देता.

रात्रभर नर्स तिच्या उशाशी होती. उजाडलं तेव्हा मुदाने डोळे उघडले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोणाशी भांडून आलीस?"

"सगळ्यांशी."

"राग गेला?"

"नाही."

"जाऊ देऊ नकोस. आज पूल बांधायचाय."

त्या सकाळी लांबघरातली चाळीस माणसं नदीवर उतरली. कोणी कोणाच्या वचनाची वाट पाहिली नाही. दुपारपर्यंत नवा ओंडका बसला. मी सर्वांत जोरात ओरडत होते, आणि या वेळी माझ्या ओरडण्यावर दोर ओढले जात होते.

गेरावातने किल्ली माझ्या हातात ठेवली. दारावर माझ्या बुटाचा ठसा तसाच होता, त्याने पुसला नव्हता. मी गाडी पुलावरून पलीकडे घेतली आणि सात किलोमीटर पुढे, गावच्या शेवटच्या चढाला लावली. चढावर मुदा उभी होती, नर्सचा हात धरून, हातात आमच्यासाठी भाताची पुडी. अर्ध्यावर उजवं चाक मोकळं फिरलं. गाडी थांबली. गावातले लोक धक्का द्यायला धावले.

"थांबा!" मी ओरडले. "कोणी हात लावू नका!"

आणि मी पाय हलवला नाही.