प्रेसच्या मागचा माणूस

चिखलीत खाली वर्कशॉप आणि वर्कशॉपच्या डोक्यावर माणसं, अशीच तऱ्हा आहे. स्वरूपाचं क्लिनिकही एका लेथवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. वर मेंदूच्या लहरी शांत करायचं काम आणि खाली दिवसभर लोखंडाची किरकिर! पण लोक येत होते. झोप उडालेले, अर्धशिशीनं बेजार झालेले, परीक्षेच्या नुसत्या नावानं घाम फुटणारे. ती प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सांगायची, "घाबरू नका, हे यंत्र डोक्यात काही घालत नाही. हा आरसा आहे. आरशात बघून आपण भांग पाडतो ना, तसा इथं बघून मेंदू आपला आपण नीट बसायला शिकतो."

अवघड माणसांना ती गुरुवारी बोलवायची. गुरुवारी या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते. खालचं शटर बंद, टेम्पोंची ये-जा नाही, गल्लीत कुत्री उन्हाला पसरलेली. लहरी मोजायला अशी शांतता लागते.

अशाच एका गुरुवारी नवनाथ आला. आला कसला, बायकोनं ओढून आणला. कुरुळी गावचा आडव्या अंगाचा गडी, पण डोळे खोल गेलेले आणि दाढी वाढलेली. खुर्चीत बसला तोही अर्धाच. बोलायचं काम बायकोनं, दिव्यानं केलं.

"म्याडम, हे झोपतच नाहीत. डोळा लागला की दचकून उठतात. कंपनीत चालतं मशीन मधेच थांबवून उभे राहतात. सुपरवायझरनं पत्रा दाबायच्या प्रेसवरून काढलं आणि हातात झाडू दिला. म्हणाला, बरा होऊन ये, नाहीतर येऊच नकोस."

"झाडायची लाज न्हाई मला," नवनाथ पुटपुटला. "पण प्रेस माझी हाय. तिच्यावरच हात बसलाय माझा. अन् झोप पायजे हो म्याडम. झोपंविना माणूस येडा व्हतो."

"थांबता म्हणजे नेमकं काय होतं?"

त्यानं बायकोकडं बघितलं, मग खिडकीकडं. "काय न्हाई. हात थांबतो."

याउप्पर तो ताकास तूर लागू देईना. स्वरूपानंही ताणलं नाही. तोंड लपवतं ते पुष्कळदा लहरींत दिसतं, हा तिचा अनुभव होता. तिनं त्याच्या डोक्याला मलम लावून तारा चिकटवल्या, कानाला चिमटे लावले आणि आधी मिटल्या डोळ्यांनी, मग उघड्या डोळ्यांनी नोंद घेतली. मेंदूचा नकाशा तयार झाला. थकलेल्या माणसाचा असतो तसाच होता, एक जागा सोडून.

डोक्याच्या मधोमध, या कानापासून त्या कानापर्यंत, एक पट्टी असते. अंगाला काय लागतंय, हात कुठं आहे, याची खबर तिथं पोचते. शरीर स्वस्थ बसलं की त्या पट्टीवर एक छान संथ लय धरते. नवनाथची लय धरायची आणि तुटायची. तुटायची तीही डाव्या बाजूला, उजव्या तळहाताची खबर जिथं येते नेमकी तिथं. त्याच्या तळहाताला कुणी बोट लावावं, अशी. तळहात तर मांडीवर उताणा पडलेला होता आणि आसपास माशीसुद्धा नव्हती.

स्वरूपाला आधी तारेचा संशय आला. तिनं तार बदलली. मग जागेचा आला. खाली कुणी सुट्टीचं मशीन चालवत असेल, हादरे येत असतील, म्हणून ती जिना उतरून गेली. शटरला कुलूप होतं. भिंतीला हात लावून बघितला, भिंत गार आणि मुकी. वर येऊन तिनं तीच तार स्वतःच्या डोक्याला लावली. तिची लय कशी, तर ताकासारखी घुसळून निवलेली! म्हणजे जे काही होतं ते नवनाथजवळ होतं.

"ताणाची सवय आहे," तिनं दोघांना सांगितलं. "मोडता येते."

पुढच्या गुरुवारपासून व्यायाम सुरू झाला. यात माणसानं समोरच्या पडद्यावर आवडीचा व्हिडिओ बघायचा. लय टिकली की चित्र लख्ख, लय तुटली की चित्र अंधारतं. मेंदूला उजेड आवडतो, तो आपोआप वळणावर येतो. नवनाथनं काय निवडावं? गावच्या यात्रेतली बैलगाडा शर्यत.

"बघा म्हणजे," दिव्या पदर तोंडाला लावून हसली. "डोक्याचा इलाज करायला आले, तिथंही बैलच."

सुरुवातीला गाडा शर्यतीच्या घाटात सुटला रे सुटला की अंधार. भिर्रर्र झाली म्हणेपर्यंत बैल गडप. नवनाथ चिडायचा, मांडीवर थाप मारायचा. स्वरूपा म्हणायची, "हाताला काही जाणवलं तर जाणवू द्या. दुर्लक्ष करा. उत्तर द्यायला जाऊ नका." हे ऐकून तो तिच्याकडं विचित्र बघायचा, पण मान डोलवायचा.

काही आठवडे गेले. गडी मन लावून करत होता. उजेड जरा जास्त वेळ टिकू लागला आणि स्वरूपाला हुरूप आला. मात्र घरी झोपेचं तेच रडगाणं. आणि नोंदी बघताना तिला एक गोष्ट खटकू लागली. लय तुटायची ती जोडीनं. दोनदा, मग खंड, मग पुन्हा दोनदा. सुरुवातीला मधला खंड लांब होता. आता तो आखडत चालला होता. बंद दारावर थाप मारणारा माणूस आधी सावकाश मारतो, मग कुणी येत नाही म्हटल्यावर घाई करतो, तसं काहीसं.

एका गुरुवारी नवनाथ खुर्चीत होता, दिव्या बाकावर भाजी निवडत होती. स्वरूपा पडद्यावरच्या तुटक रेषेकडं बघत विचारात पडली होती. तिची बोटं टेबलावर नकळत तेच वाजवू लागली. ठक-ठक. ठक-ठक.

नवनाथ खुर्चीतून अर्धा उठला. तारा ताणल्या.

"म्याडम, ह्ये तुमाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"ह्ये. दोन ठोके."

त्याच्या चेहऱ्याकडं बघून स्वरूपानं हात मांडीवर घेतला. "कुणी नाही. तुमच्या लहरींत आहे ते. तुम्ही सांगा आता, काय आहे?"

मग तो बोलला. दिव्याच्या हातातली मेथी तशीच राहिली, तिलाही हे नवीनच होतं.

त्यांची प्रेस मोठी, खोलीएवढी. पुढं नवनाथ उभा, मागं कोंडाजीतात्या. पुढच्यानं पत्रा सरकवायचा, बटण दाबायचं. मागच्यानं आत हात घालून दाबलेला तुकडा बाहेर ओढायचा. मधल्या धुडामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि आवाज असा की बोंब मारली तरी व्यर्थ. म्हणून दोघांनी ठोक्यांची भाषा ठरवली होती. तात्यानं लोखंडी सळईनं मशीनच्या अंगावर दोनदा ठोकायचं. नवनाथचा उजवा तळहात कायम मशीनवर, ठोका कानाला नाही, हाताला कळायचा.

"दोन ठोके म्हंजी, माझा हात आत हाय, थांब," नवनाथ म्हणाला. "मग मी दोन ठोकायचे. म्हंजी, थांबलोय, काढ. मग त्यो एक ठोकणार. हात भायेर, चालव. इतकी वर्सं आमी असंच केलं. दोघांच्या मिळून समद्या बोटांनी घरी जायचो."

तात्या गेल्या वर्षी गावी गेले होते, तिथंच झोपेत गेले. सुखाचं मरण, सगळे म्हणाले. मागं आता यांत्रिक हात बसवलाय. मागं कुणी नसतं.

"पण ठोके येतात," स्वरूपा म्हणाली.

"येत्यात. आधी निस्तं प्रेसवर. मग घरी, गादीवर. आता कुटंबी."

"आणि तुम्ही उत्तर देत नाही?"

"आई म्हनली, न दिसणाऱ्याच्या हाकेला ओ द्यायची न्हाई. दिली की त्यो घरात येतो." त्यानं मान खाली घातली. "अन् तुमी बी त्येच म्हनला. दुर्लक्ष कर, उत्तर देऊ नगं."

खरंच की! त्याची आई, कुरुळीची तानाबाई, आणि पदवी घेतलेली स्वरूपा, दोघींनी त्याला एकच सल्ला दिला होता. स्वरूपाला आपलाच राग आला आणि कशाचा आला ते तिला धड सांगताही आलं नसतं. ती भूतबित मानणारी नव्हती. पण रेषा समोर होती. दोन, लहानसा खंड, दोन. आता तर खंडच उरला नव्हता.

"उत्तर आलं नाही तर मागचा माणूस काय करतो?"

"काय करणार? हात आत हाय त्याचा. मी थांबलोय का न्हाई त्याला ठावं न्हाई. हलला तरी भ्या, न हलला तरी भ्या." त्यानं उजवा तळहात मांडीवर पालथा दाबला. "त्यो ठोकतच ऱ्हानार."

पडद्यावर बैल अंधारात बुडाले होते.

"मग द्या ना उत्तर," स्वरूपा म्हणाली.

"म्याडम!" दिव्या उठून उभी राहिली. "आणि ते आलं म्हणजे?"

भीती स्वरूपालाही वाटत होती. पण समोरचा माणूस वाळत चालला होता आणि तिचा इलाज त्याला उलट्या दिशेनं ढकलत होता, एवढं तिला दिसत होतं.

"आत हात असलेल्या माणसाला तुम्ही कधी असं सोडलं होतं का, नवनाथभाऊ?"

त्यानं ओठ आवळले. उजव्या हाताची मूठ वळली आणि खुर्चीच्या हातावर ठोकली. स्पष्ट. दोनदा.

रेषा थरथरली.

मग सरळ झाली. आणि हळूहळू, स्वरूपानं या माणसाच्या डोक्यात कधी न पाहिलेली, ती संथ लय धरू लागली.

पडदा उजळला. धुरळा उडवत बैल घाट चढून गेले, निशाणापर्यंत, मधे एकदाही अंधार न होता.

"गेले बघा, गेले!" दिव्या ओरडली आणि चटकन तोंडावर हात धरला. नवनाथची मान खांद्यावर कलली होती. तोंड उघडं. घोरत होता! लहान पोरासारखा, लाळ गाळत.

दिव्या बाकावर बसली आणि रडायला लागली. हसतही होती. "झोपले हो," ती परत परत म्हणत होती. "म्याडम, खरंच झोपले. आता प्रेसवर घेतील ना यांना?"

"घेतील. मी पत्र देते." स्वरूपाचाही जीव भांड्यात पडला होता. इतके दिवस खांद्यावर कसलंतरी ओझं होतं हे तिला ते उतरल्यावर कळलं. तिनं तारा तशाच राहू दिल्या, उगाच झोप मोडायला नको. दिव्यानं डोळे पुसले आणि कोपऱ्यातल्या केटलीत चहाला पाणी ठेवलं. स्वरूपानं साखरेचा डबा, चमचा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळवे टेकवून, चमच्याच्या बाजूलाच, स्वस्थ बसली. बाहेर ऊन होतं. खालचं शटर बंद होतं. काय गोड वाटत होतं सगळं.

तेव्हा तिला ते जाणवलं.

कानाला नाही. उजव्या तळहाताला. टेबलाच्या लाकडातून.

एकच ठोका. हात बाहेर, चालव.

तिनं पडद्याकडं बघितलं. नवनाथची लय जरासुद्धा हलली नव्हती. तो घोरत होता. दिव्या पाठमोरी कप विसळत होती.

आणि स्वरूपाच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात टेबलावर नाहीत. ते छातीशी आले होते, मुठी आवळून. कधी ओढून घेतले, तिला आठवेना. तिनं बोटं उघडली, मिटली. सगळी होती. तिला एकदम हसू फुटलं, सुटका झाल्यासारखं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"म्याडम, साखर किती घालू?" दिव्यानं विचारलं. "चमचा द्या ना इकडं."

स्वरूपानं चमचा उचलला. खोलगट टोकासकट तो कागदासारखा सपाट झाला होता, आणि हाताला गरम लागत होता.