फ्रिजची तिसरी तक्रार

तो पहिल्यांदा आमच्या दारात उभा राहिला तेव्हा माझ्या हातांना माशांचे खवले चिकटले होते आणि ओढणी कमरेला खोचलेली होती. प्रेमात पडायला यापेक्षा वाईट अवतार शोधून सापडला नसता!

“फ्रिजची तक्रार तुमचीच ना?” शर्टाच्या खिशावर त्याचं नाव होतं — ऋत्विक.

“हो. चारच दिवस झालेत आणून, आणि... आतून बुडबुड आवाज येतो. पोट बिघडल्यासारखा.”

तो फ्रिजला कान लावून उभा राहिला. इतकं मन लावून आमच्या घरात कोणी कोणाचं ऐकत नाही. मग हसला. गालाला एकच खळी पडली, उजव्या.

“नळ्यांतून गॅस फिरतो, त्याचा आवाज. मधूनच टक् होईल, बाजू गरम लागेल. सगळं ठीक आहे.”

“म्हणजे मी उगाच घाबरले?”

“नवीन आहे ना... सवय व्हायला वेळ लागतो. दोघांनाही.”

दोघांना म्हणजे मला आणि फ्रिजला, हे कळत होतं. तरी मी लाजले.

आठवड्यात दुसरी तक्रार केली, तीही खरी होती. फ्रिज असा खडखडत होता की शेजारच्या चिमाकाकीनेही विचारलं. ऋत्विक दापोलीहून बाइकने हर्णेला आला, फ्रिज मागून-पुढून पाहिला, मग मान वर केली. फ्रिजच्या डोक्यावर तांब्या, त्यात आंब्याची पानं, वर नारळ! नव्या होडीची करावी तशी आईने फ्रिजची पूजा केली होती आणि पौर्णिमेपर्यंत नारळाला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

“मावशी, मशीन सुरू झालं की हा तांब्या थरथरतो. देव्हाऱ्यात ठेवा.”

“आनि फ्रिज बिगाडला म्हंजे? तुजी कंपनी देवापरीस मोठी हाय रं?”

“नाही हो. पण फोन केला की मी येतो ना!”

आई खूश झाली, तांब्या देव्हाऱ्यात गेला. त्याला जेवायलाच बसवलं. सुरमईच्या कालवणाने बिचाऱ्याचे कान लाल झाले.

“कोणी केलंय?” त्याने पाण्याचा पेला संपवत विचारलं.

“मी. तिखट झालंय?”

“तुमच्याइतकं नाही,” तो हळूच म्हणाला आणि त्याने आणखी भात मागितला.

त्यानंतर फ्रिज सुतासारखा सरळ चालला. बिघडले ते मीच. दहा दिवस कसेबसे काढले आणि कंपनीला फोन लावून ठोकून दिलं, शिट्टीसारखा आवाज येतोय.

तो आला, पण हसला नाही. हत्यारांची पिशवी खाली ठेवून कितीतरी वेळ फ्रिजला कान लावून उभा राहिला.

“शिट्टी कुठे आहे?”

“आता... थांबली.”

“एका घरातून तीन तक्रारी आल्या की माझंच काम कच्चं धरतात,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात मला कायम करणार होते. आता साहेब म्हणतात, दापोलीचा भाग सोड, चिपळूणला जाऊन पुन्हा शिकाऊ म्हणून राहा. माझं नक्की काय चुकलं, तेवढं सांगा. मला खरंच सापडत नाहीये.”

आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. ओट्यापाशी कोळंबी सोलणाऱ्या आईचे हात थांबले. तिच्यासमोर खरं बोलायचं म्हणजे... पण गप्प राहिले तर याची कायमची नोकरी हुकणार होती. मी फोन उचलला, कंपनीला लावला आणि स्पीकरवर टाकला.

“मी शमिका बोलतेय, हर्णेहून. माझी तक्रार खोटी होती. शिट्टी वाजलीच नाही.”

“मग तक्रार का केलीत मॅडम?”

“तुमचा माणूस पुन्हा यावा म्हणून.” मी डोळे गच्च मिटले. “त्याच्या कामात काही खोट नाही. मला तो आवडतो. असंच लिहा.”

पलीकडे दाबलेलं हसू. “लिहिते मॅडम. साहेबांना मी स्वतः सांगते.”

डोळे उघडले तर ऋत्विक कालवण खाल्ल्यासारखा लालेलाल.

“लाज सोडलीन् पोरीनं,” आई पुटपुटली, पण तिचे हात पुन्हा चालू झाले होते.

तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि वळला. “रविवारी सुट्टी असते मला... येऊ? तुला भेटायला?”

उत्तर आईनेच दिलं.

“ये. पन ती पिशवी घरी ठेव.”