भटूने गिळलेला निरोप

जळगावच्या एसटी स्टँडवर ज्योत्स्नाच्या हातून फ्लॉप्यांचा डबा निसटला आणि फ्लॉप्या थेट असोद्याच्या गाडीखाली! त्या काढायला ती वाकली, तोच आणखी कुणीतरी वाकलं. डोक्याला डोकं आपटलं.

“लागलं?”

“मला नाही... फ्लॉप्यांना विचारा!”

तो हेमराज. नरडाण्याचा. नव्व्याण्णव साली तिच्याच इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला, पण दुसऱ्या तुकडीत.

“एवढं काय आहे यात?”

“माझा प्रोजेक्ट. बिनटॉवरचं जाळं. फिरते रेडिओसंच एकमेकांच्या हाती निरोप पुढे देतात. पण मध्येच एक लबाड घुसतो. ‘जवळचा रस्ता माझ्याकडूनच!’ असं सगळ्यांआधी सांगतो आणि निरोप गिळून बसतो.”

“मग पकडायचा कसा?”

“तेच तर जमत नाहीये...” ती खुदकन हसली, आणि गडी तिथेच गार झाला.

दुसऱ्या दिवसापासून स्वारी लॅबमध्ये हजर. भांडतभांडत दोघांनी तोड काढली — पहिल्या उत्तरावर भाळायचं नाही. दुसऱ्याची वाट पाहायची, वर शेजाऱ्याकडून खातरजमा करायची. थोडा उशीर होतो, पण निरोप पोचतो. परीक्षेत पडद्यावर लबाड पकडला गेला, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. मनातलं मात्र दोघंही बोलली नाहीत.

सुट्टी लागली. ज्योत्स्ना असोद्याला घरी हेमराजच्या निरोपाची वाट पाहत राहिली. एके दिवशी तिच्या वर्गातला भटू दारात मोटारसायकल लावून, आरशात भांग नीट करत म्हणाला, “हेमराज आज चालला सुरतेला, नोकरीवर. तुझ्यासाठी काही निरोप नाही हं!”

ज्योत्स्नाचे डोळे भरून आले... आणि एकदम ती थबकली. मी विचारलंच कुठे होतं? आणि पहिल्याच उत्तरावर भाळले! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ती मिळेल त्या गाडीने जळगावला, थेट हेमराज जेवायचा त्या खाणावळीत.

“अक्का, हेमराजने भटूजवळ काही निरोप दिला होता?”

खाणावळवाल्या भिकूअक्काने लाटणं खाली ठेवलं. “दिन्हा व्हता ना! मन्हासमोर! ‘ज्योत्स्ना स्टेशनवर उनी तं तिन्हा होकार शे,’ आसं सांगं त्यानी. पय पोरी, गाडीनी येळ व्हयनी!”

स्टेशनवर आली तर होकार! ती पळत सुटली. फलाटावर हेमराज ट्रंकेवर बसला होता, पडलेल्या चेहऱ्याने. तिला पाहताच ताडकन उठला.

“आलीस!”

“भटूने निरोप गिळला होता. आता तूच सांग... आवडते मी तुला?”

“हो!”

“पहिल्या उत्तरावर माझा विश्वास नाही.”

“हो गं... हो!”

धापा टाकत ज्योत्स्ना बाकावरच्या म्हातारीकडे वळली. “आजी, खरं बोलतोय का हा?”

आजी बोळकं पसरून हसली. “खरंच शे माय! सकायपशी तुन्हीच वाट देखी ऱ्हायना तो!”

गाडीने शिट्टी दिली. हेमराजने तिचा हात धरला, आणि ज्योत्स्नाने साऱ्या फलाटादेखत तो धरू दिला.