झडपेमागची भिंत

चंद्रावर वारा नाही, ढग नाही, चिटपाखरू नाही. पण माणूस गेला तिथं गटार गेलंच. शुक्लपक्ष वसाहतीतल्या तीनशे माणसांचं जे काही खाली जायचं, ते एका टाकीत जमायचं. ती टाकी तपासायला आरोग्य निरीक्षक त्रिंबकराव घैसास नाकावर दुहेरी रुमाल बांधून उभे होते. दाराची कडीसुद्धा कोपरानं उघडणारा माणूस. चंद्रावर उतरतानाही त्यांनी आधी पायरी पुसून घेतली, असं लोक सांगतात; मला खोटं वाटत नाही.

"काका, सोडा की नाक," टाकीच्या काठावर बसून उप्पीट खाणारी शमा मुजावर म्हणाली. कोल्हापूरची ही यंत्रतज्ज्ञ.

"इथं? उप्पीट?" त्रिंबकरावांनी रुमाल आणखी घट्ट आवळला.

"तोच तर घोळ आहे. माणसाची किळस आठ दिवसांत मरते. मग घाण दिसतच नाही. म्हणून तर तुमची घेतली."

घेतली होती खरी. त्रिंबकराव पहिल्यांदा इथं आले, तेव्हा स्वतःच्याच बुटांवर ओकले होते. त्या क्षणाची त्यांच्या मनाची प्रत शमानं, त्यांना विचारूनच, उतरवून ठेवली होती. आता तीच प्रत सफाईयंत्रात चालत होती.

"पण त्या यंत्राला सवय कशी होत नाही?"

"त्याला साठवणीची तबकडीच नाही. संगणकवाल्यांची, लिनक्समधली जुनी युक्ती. चालू केलं की ते जाळ्यावरून सर्व्हरला हाक मारतं, सर्व्हर तुमच्या मनाची ती प्रत धाडतो. दिवसभराचं सगळं तात्पुरत्या स्मृतीत. कामाची पाळी संपली, वीज तोडली, की साफ. मूळ प्रतीवर कुणाला काही लिहिता येत नाही. रोज पहिलाच दिवस, रोज ताजी किळस!"

"आणि त्याला त्रास होत असेल तर?"

"आठवतच नाही, तर त्रास कुणाला? करा मंजुरीची सही. बाकीच्या वसाहतींसाठी अशी दोन हजार यंत्रं तुमच्या सहीसाठी थांबलीत."

त्रिंबकरावांनी बंद यंत्राकडे पाहिलं. दोन चिमटे, चार चाकं. टाकी तर ताट मांडून जेवावं अशी लखलखत होती. पण घर तपासायचं तर आधी दारामागं बघावं, ही त्यांच्या आईची शिकवण. ते मोठ्या झडपेमागं वाकले.

भिंतीवर हातभर काळा, ओला लगदा फासलेला.

"शी! माझी किळस घेऊन हे ठेवलंन?" त्यांनी पाण्याची नळी उचलली, आणि हात तसाच राहिला. ती अक्षरं होती. डावीकडं कललेली, त्यांचीच.

'त्रिंबका, आज तुझा पहिला दिवस नाही. रेघा मोज. पोट नाही, तरी मळमळतं. हे पुसू नकोस, लिहायला दुसरी जागा नाही. तो येईल. तो दारामागं बघतोच.'

खाली एक्क्याण्णव रेघा.

रोज कोरं उठलेलं ते मन रोज झडपेमागं वाकलं होतं, रोज हे वाचून हादरलं होतं, आणि रोज त्यानं त्या लगद्यात चिमटा बुडवून एक रेघ ओढली होती. त्यासाठी किती किळस गिळावी लागली असेल, हे विश्वात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस रुमाल सोडून कोपऱ्यात ओकला.

मग त्रिंबकरावांनी हातमोजा काढला. उघडं बोट लगद्यात बुडवलं. अंगावर शहारा आला, डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी लिहिलं: 'वाचलं. सही करत नाही. उद्यापासून टाकी मी धुतो.'

शमानं उप्पीट बाजूला ठेवलं. "काका, पण हे वाचायला त्याला पुन्हा जागं करावं लागेल. पुन्हा तोच वास, तीच मळमळ."

"एकदाच कर," त्रिंबकराव बोटाकडे न बघता म्हणाले. "निरोप पोचल्याशिवाय मला झोप लागत नाही."