तळघरात दिलेलं उत्तर

रचून सांगायला माझ्याकडे वेळच नाही, हे आधीच सांगते. लेक झोपली आहे. तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे आणि मी एका हाताने मोबाइलवर लिहितेय. ती उठली की संपलं. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

आणि रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी मात्र तळघरात होते.

आधी मी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचे. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. त्याच सुमारास नवराही निघून गेला. सासूबाई मात्र माझ्याकडेच राहिल्या. "तो गेला म्हणून मी कशाला जाऊ?" एवढंच म्हणाल्या आणि नातीला कडेवर घेतलं.

बसायची नोकरी कुठेच मिळेना. घरमालक जागा सोडा म्हणत होता. शेवटी कळलं, एका ठेकेदाराला प्लंबिंगच्या कामाला माणसं हवीत, शिकवूनही घेतात. गेले.

"पाने फिरवणार तू?" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, बरणीचं झाकण मी उघडून देते तुला!"

"शिकेन हो आई."

"शीक बाई. निदान ते झाकण तरी उघडेल."

मला ज्यांच्या हाताखाली दिलं ते मिस्त्री म्हातारे होते. गुडघे गेलेले, तोंडाने फटकळ. मला 'मॅडम' म्हणायचे, तेही चिडवायला. "मॅडम, हा पाइप आहे, दाढ नाही. दुखणार नाही त्याला. लावा जोर."

पण शिकवलं मनापासून. पहिल्या दिवशी शिकवली ती खूण.

मोठ्या इमारतीत एक माणूस खाली मुख्य व्हॉल्व्हपाशी असतो, दुसरा वरच्या मजल्यावर. हाक पोचत नाही. तळघरात फोन लागत नाही. मग वरचा माणूस पाइपावर पाना ठोकतो. लोखंडातून आवाज थेट खाली येतो.

एक ठोका म्हणजे पाणी बंद कर.

दोन म्हणजे सोड.

तीन म्हणजे हातातलं ठेव आणि वर ये.

"आणि उत्तर द्यायचं," मिस्त्री म्हणाले. "जेवढे ठोके आले तेवढेच परत. म्हणजे वरच्याला कळतं, खाली माणूस आहे."

मी घरी त्याचा सराव करायचे. सासूबाई स्वयंपाकघरात नळाच्या पाइपावर डाव ठोकायच्या, मी न्हाणीघरातून उत्तर द्यायचे. आमची ठमी दीड वर्षांची. ती मध्ये बसून टाळ्या पिटायची. मग तीही चमचा घेऊन बादलीवर ठोकायला लागली. एकाला एक, दोनाला दोन. शब्द फुटायच्या आधी माझ्या लेकीला ती खूण आली.

तेव्हा किती हसलो होतो आम्ही...

त्या दिवशी एका बंद पडलेल्या जुन्या वसतिगृहाचं काम होतं. तीन मजले, सगळी लाइन नवीन. संध्याकाळी ठेकेदार येऊन बघणार होता. लाइनने दाब धरला, तर मी कायम. गळली, तर दुसऱ्या दिवसापासून घरी. त्याने तोंडावर सांगितलं होतं, "बाईमाणूस म्हणून सवलत नाही हं."

दुपारी मिस्त्री म्हणाले, "तू खाली हो व्हॉल्व्हपाशी. मी वर जातो."

मी खाली गेले.

तळघरात ओल होती. एक दिवा होता, तोही मिणमिणता. व्हॉल्व्हच्या शेजारून जुना लोखंडी पाइप छतातून वर गेलेला. मी पाना हातात धरून उभी राहिले. ठमीला सकाळी थोडी कणकण होती. डोक्यात तेच चाललं होतं.

आणि मग...

टण्.

एक ठोका. मी एक परत दिला. व्हॉल्व्ह बंदच होता, तरी हाताने फिरवून खात्री केली.

बराच वेळ काही नाही.

टण्. टण्.

मी दोन परत दिले. व्हॉल्व्ह सोडला. नव्या लाइनमध्ये पाणी चढायला लागलं, त्याची सरसर ऐकू आली. मी श्वास धरून उभी. कुठे गळालं तर? सांधे मीच जोडले होते.

सरसर थांबली. पाइप भरला.

मग इतकी शांतता झाली की दिव्याची गुणगुण ऐकू येत होती...

टण्. टण्. टण्.

हे ठोके हळू होते. मिस्त्री नेहमी घाईत ठोकायचे. हे तसे नव्हते. दारावर कुणी दबकत टकटक करावी, तसे.

मी तीन परत दिले.

पाना ठेवला आणि जिना चढायला लागले. पहिला मजला गेला. दुसऱ्यावर पोचले. वरून आवाज नाही, चाहूल नाही. मिस्त्री काम करताना सतत पुटपुटतात, तेही नाही.

"मिस्त्री?"

तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. पाणी सांडल्यासारख्या नाही. पावलांपुरत्या ओल्या...

मी पुढच्या पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात खालून फाटकाचा आवाज आला.

"अहो मॅडम! कुठे आहात?"

मिस्त्रींचा आवाज. खालून.

मी धावत उतरले. ते घामाघूम होऊन अंगणात उभे होते, हातात दुकानाची पिशवी. "नळांच्या तोंडांना लावायचे प्लगच नव्हते. जवळचं दुकान बंद, पार लांब जावं लागलं. तुला सांगायचं राहिलंच. पाणी सोडलं नाहीस ना खाली?"

"तुम्ही... तुम्ही वर नव्हता?"

"अजून चढलोच नाही. का?"

"दोन ठोके आले. मी पाणी सोडलं."

त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. "अगं, वरची सगळी तोंडं उघडी आहेत! पूर आला असेल!"

गुडघे विसरून ते वर पळाले. मी खालीच थांबले. नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं. सासूबाईंना काय सांगू? ठमीला घेऊन कुठे जाऊ?

बऱ्याच वेळाने ते उतरले. कठडा धरून, एकेक पायरी.

"थेंब नाही," ते म्हणाले. "सगळी तोंडं बंद आहेत. घट्ट."

"मग तुम्हीच केली असतील सकाळी."

त्यांनी पिशवी उचलून उघडून दाखवली. सगळे प्लग आतच होते.

मग म्हणाले, "ठोके कशातून आले?"

"लोखंडी पाइपातून. व्हॉल्व्हच्या शेजारच्या."

त्यांनी मला तळमजल्यावरच्या कोपऱ्यात नेलं. तळघरातला तो पाइप तिथे फरशीतून वर आला होता. वीतभर. पुढे कापलेला. तोंडात चिंध्यांचा बोळा.

"मागच्या आठवड्यात मीच कापला. ठमीला ताप होता म्हणून तू आली नव्हतीस. वर सगळं प्लास्टिक आहे आता. प्लास्टिकमधून असा आवाज येत नाही, मॅडम. आज मी जिन्यातून हाक मारणार होतो."

त्या पाइपाला वरचं टोकच नव्हतं.

"तीन आले का?" त्यांनी एकदम विचारलं.

"हो."

"उत्तर दिलंस?"

"दिलं ना. तुम्हीच शिकवलंत."

ते तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. पहिल्यांदाच त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं नाही.

"पोरी, एकटं असताना तीन आले, तर उत्तर द्यायचं नसतं. वर आपला माणूस आहे, हे डोळ्यांनी बघितलेलं असलं तरच द्यायचं. तीन परत देणं म्हणजे येते म्हणणं, आणि येते म्हटलं की जावं लागतं."

"मग हे मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी मान खाली घातली.

"तू टिकशील असं वाटलं नव्हतं मला."

"कोण आहे ते? या इमारतीतलं कुणी?"

"इमारतीचा प्रश्न नाही," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी ठेकेदार आला. लाइनने दाब धरला, दाबाचा काटा हललासुद्धा नाही. "बाई, हात चांगला आहे तुझा," म्हणाला. मी कायम झाले.

घरी सासूबाईंनी माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" म्हणाल्या. काय म्हटलं होतं ते त्या विसरल्या होत्या. मी ठमीला छातीशी धरून खूप रडले. त्यांना वाटलं, आनंदाने.

काल न्हाणीघरात ठमीला आंघोळ घालत होते. सासूबाई बाहेर बाकावर बसून शेंगा सोलत होत्या. मला दारातून दिसत होत्या. दोन्ही हात शेंगांत.

भिंतीतून आवाज आला.

टण्.

आमच्या घरातही सगळे पाइप प्लास्टिकचेच आहेत. डाव ठोकला तरी नुसतं टक् व्हायचं, टण् नाही.

मी हललेही नाही. ठमीने मात्र बादलीतला मग उचलला. आणि एकदा ठोकला.

टण्. टण्.

तिने दोनदा ठोकला. हसली. भिंतीकडे बघून.

"काय गं हुशार माझी बाय!" बाहेरून सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, मीच खेळवतेय.

मग ते आले. हळू. दबकत.

टण्. टण्. टण्.

ठमीने तो मग पुन्हा उचलला. एक. दोन. तिसऱ्याला मी तिचा हात धरला. इतका घट्ट की ती कळवळून रडायला लागली.

भिंत गप्प झाली. पण ती गप्प कशी असते, सांगू? उत्तराची वाट बघणारं माणूस गप्प असतं ना, तशी.

मिस्त्रींना फोन केला. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते तिला बोलवत नाहीये. तुला आठवण करून देतंय, येते म्हणाली होतीस."

मी घरातले चमचे, मग, खुळखुळे, सगळं माळ्यावर ठेवलंय. ठमी आता मुठीने जमिनीवर ठोकते. मुठी कुठे ठेवू तिच्या?

काम सोडता येत नाही. सोडलं तर हे छप्पर जाईल. आणि सोडलं तरी पाणी कुठल्या घरात नसतं?

उद्या त्याच वसतिगृहात नळ बसवायचे आहेत. मिस्त्री म्हणाले, तिसरा मजला मी करतो, तू अंगणातच थांब. मी हो म्हटलंय.

पण मी ठरवलंय. ते काही आणायला दुकानात गेले की मी वर जाणार. दुसऱ्या मजल्यावर थांबणार नाही या वेळी. काय आहे ते मला बघायचं नाही, त्याचं नाव-गाव नको मला. फक्त जायचं आहे. म्हणजे माझ्या लेकीला कुणी विचारायला नको.

ठमी कूस बदलतेय. उठेल आता. तिची छोटीशी मूठ माझ्या गुडघ्यावर आहे...

एक.

दोन.

धरला मी तिचा हात. हळूच. या वेळी नाही रडली.

येते म्हटलं होतं मी. तिने नाही.